तार तांब्याची की लोखंडाची

येडगावच्या आमच्या घरी मोटरशेडमध्ये भिंतीवर एक खिळा आहे. त्यावर तेव्हा तारेची दोन वेटोळी टांगलेली होती. एक लोखंडाचं, स्लॅबचे गज बांधून उरलेल्या बायंडिंग तारेचं. दुसरं तांब्याचं, धरणाच्या पाण्यावर बसवलेल्या मोटरचं जळालेलं वायंडिंग. दोन्ही काळी होती. बायंडिंग तार भट्टीतूनच काळी येते आणि तांब्याची तार जळून काळी झाली होती. जाडीतही डोळ्याला कळेल असा फरक नव्हता. यातली कोणती तार वहिनीच्या गायीच्या पोटात गेली, या एका प्रश्नावर आमचं घर तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत घरात जेवढं हसणं झालं तेवढं लग्नकार्यातही झालेलं मला आठवत नाही. गाय मरण्याची शक्यता असताना हे व्हावं हे बरोबर नव्हतं. पण झालं ते असं.

मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि आठवडाभराच्या रजेवर घरी आलो होतो. गोठ्यातली बाकी जनावरं दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. ही एक गाय वहिनीची. ती दोन दिवसांची असताना तिची आई मेली आणि वहिनीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता ती पहिल्यांदाच गाभण होती, सातवा महिना.

पहिल्या दिवशी सकाळी तिने गव्हाणीतलं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाठ कमानीसारखी वर उचललेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. गोठ्यातून पाण्याच्या हौदाकडे जाताना थोडा उतार आहे. त्या उताराशी ती थांबली आणि कण्हली.

वहिनी म्हणाली, "हिला चढ चालतोय, उतार चालत नाय. हे कायतरी येगळं हाय."

"अपचन असंल," दादा म्हणाला. "गूळ-ओवा दे."

"तुमाला कायबी झालं की गूळ-ओवा. मागं मोबाईल बंद पडला तवा त्यालाबी द्यायचा व्हता."

तिने नारायणगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणजे स्कूटरवरून फिरणारी एक तरुण बाई. सगळे तिला मॅडम म्हणतात. तिने आधी लांबूनच गायीकडे पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग खांद्यामागची पाठ दोन्ही हातांनी चिमटीत धरून खाली दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली वाकवते. ही वाकली नाही, दम रोखून कण्हली. मॅडमने बॅगेतून एक यंत्र काढलं. मोठ्या मंदिरांच्या दारात भाविकांच्या अंगावरून फिरवतात तसं. ते गायीच्या डाव्या कोपरामागे नेलं आणि ते वाजलं.

तिने ते दोन पावलं मागे नेलं. तिथेही वाजलं.

"गळ्यातली साखळी काढा," ती म्हणाली. साखळी काढली. पुन्हा वाजलं. घंटा काढली. मग खालची बादली हलवली, गव्हाणीची लोखंडी कडी फडक्याने झाकून पाहिली आणि झाकल्याने काही होत नाही म्हणून गायच चार हात बाजूला घेतली. यंत्र वाजतच होतं. शेवटी मॅडमने यंत्र सरळ दादाच्या पोटाकडे वळवलं. तिथे ते सर्वांत जोरात वाजलं.

"भाऊ, पट्टा."

दादाने कमरेचा पट्टा काढून बाहेर ठेवला. त्याची पँट पट्ट्याच्याच भरवशावर होती. पुढचा अर्धा तास त्याने एका हाताने गाय धरली आणि दुसऱ्या हाताने पँट. सगळा धातू दूर झाल्यावर यंत्र फक्त एकाच ठिकाणी वाजू लागलं, डाव्या कोपरामागे, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी.

"इथे गायीच्या चार पोटांपैकी दुसरं पोट येतं, जाळीचं," मॅडम म्हणाली. "जड वस्तू खाली बसते ती इथेच. आणि त्याच्या पुढे चार बोटांवर काळीज आहे. तार आहे. पण कशाची, ते हे यंत्र सांगत नाही."

"कशाचीबी असू दे की," दादा म्हणाला. "तार ती तार."

"नाही ना, भाऊ." तिने डबीतून बोटाएवढा एक गुळगुळीत दंडगोल काढला. ते लोहचुंबक होतं. "लोखंड असेल तर हे औषध. गिळायला लावायचं, ते त्याच पोटात जाऊन बसतं आणि जन्मभर तिथेच राहतं. तार त्याला येऊन चिकटते, मग टोचत नाही. पण तांबं याला ओळखत नाही. तांबं असेल तर पोट उघडून हाताने काढावं लागेल. सातव्या महिन्यात मला ते नको आहे. वासरू टिकेल असं मी सांगू शकणार नाही."

वहिनीने विचारलं, "आन् कायच केलं नाय तर?"

"तार पुढे सरकली तर गाय जाईल."

त्यानंतर कोणीही गुळाचं नाव काढलं नाही.

तार पोटात कशी गेली हे उघड होतं. उसाच्या वाढ्याचे भारे पूर्वी उसाच्याच पाचटाला पीळ घालून बांधत. दादा ते काही वर्षांपासून तारेने बांधतो, कारण तार दोन वेढ्यांत बसते. भारा चारा कापायच्या कडबाकुट्टीत घालण्याआधी ती सोडायची असते. घाईत सोडायची राहिली तर वाढ्याबरोबर तारेचेही बोटभर तुकडे होतात आणि गाय चावायला न थांबता सगळंच गिळते. गाय जिभेने ओढते आणि गिळते, चव नंतर निवांत बघते.

मॅडमने विचारलं, "भारे कोणत्या तारेने बांधले?"

"काळ्या," दादा म्हणाला.

तेव्हा आम्ही सगळे मोटरशेडमध्ये गेलो आणि खिळ्यावर दोन काळी वेटोळी दिसली. दोन्ही निम्मी संपलेली होती.

तांब्याचं वेटोळं तिथे असण्यालाही कारण होतं. आमच्या मोटरी जुन्नरचे एक चाचा रिवायंड करतात. त्यांच्या वडलांपासूनचा रिवाज असा की जळालेली तार गिऱ्हाइकाला परत करायची, म्हणजे नवी खरोखर घातली याची त्याला खात्री पटते. लोक ती लगेच भंगारात घालतात. दादाने ती खिळ्याला अडकवली आणि विसरला. पुढे हाताला येईल त्या वेटोळ्यातून तार तोडत गेला.

"म्हंजी तुमी गवत तांब्यानं बांधलं," वहिनी म्हणाली. "राजे हायेत आमचे."

चाचांना फोन केला. त्यांनी विचारलं, मोटर जळाली का. मी सांगितलं, गाय. ते म्हणाले, "येतो."

तासाभरात ते जुन्नरहून मोटरसायकलवर आले. पांढरी दाढी, खिशात पेनाऐवजी टेस्टर. गायीला त्यांनी सलाम केल्यासारखं केलं आणि शेडकडे गेले. दोन्ही वेटोळ्यांचे वीतभर तुकडे तोडून ओट्यावर मांडले. मॅडम, दादा, वहिनी, मी आणि कुंपणावरून डोकावणारे दोन शेजारी उभे राहून पाहत होतो.

चाचांनी पहिला तुकडा बोटांनी वाकवला. तो कणकेसारखा वाकला आणि वाकलेलाच राहिला. दुसरा वाकवला तर बोटांना जोर लागला. मग दोन्ही तुकडे नखाने खरवडले. पहिल्याखाली लाल रेघ निघाली, दुसऱ्याखाली करडी. "हे तांबं, हे लोखंड. यात डॉक्टर कशाला पाहिजे."

"चाचा, ते आमालाबी कळतंय," दादा म्हणाला. "पोटात कुठलं गेलंय ते सांगा."

"गायीला नख लावून बघू का मी?"

मॅडमला हसू आवरेना. तिने चुंबक चाचांच्या हातात दिलं. लोखंडाचा तुकडा ओट्यावरून उडी मारून त्याला चिकटला. तांब्याचा तुकडा होता तिथेच पडून राहिला. हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण गाय कण्हत असताना पाहिलं की वेगळं वाटतं. वहिनी वाकून तांब्याच्या तुकड्याकडे बघत राहिली, जणू तो मुद्दाम हलत नव्हता.

मग कोणीतरी सुरुवात केली, बहुधा दादानेच. त्याने चुंबक पत्र्याच्या दाराला लावून पाहिलं. ते असं बसलं की दोघांनी ओढून काढावं लागलं, तेव्हा पट्टा अजून बाहेरच असल्याने त्याची पँट जवळजवळ सुटली होती. वहिनीने केसांतली पिन लावली, चिकटली. तवा चिकटला. तांब्याचा हंडा नाही. देवघरातलं तांब्याचं ताम्हन नाही. विळी चिकटली. कुंपणावरचे शेजारी आत आले आणि त्यांनी आपापल्या किल्ल्या लावून पाहिल्या. वहिनीने तिच्या लग्नातली स्टीलची ताटं आणली. ती चिकटेनात.

"हे बी तांबं हाय काय?" शेजारी म्हणाला. "सासऱ्यानं फसवलं की, राव."

"निकेल जास्त घातलं की स्टील चुंबकाला दाद देत नाही," चाचा म्हणाले. "भारी माल आहे. सासऱ्याची माफी मागा."

मॅडमने चुंबक परत मागितलं. पण चाचा रंगात आले होते. त्यांनी शेडमधल्या मोटरवर थाप मारली.

"पन्नास वर्षं मी या दोघांच्यात बसलोय. ह्या मोटरचं अंग लोखंडाचं. आतले पत्रे लोखंडाचे. वायंडिंग तांब्याचं. तांब्यातून लाईट पळती, त्याच्यासारखी लोखंडातून पळत नाही. पण तांब्याचं एकट्याचं काय व्हतं? नुसतं तापतं. लोखंड एकटं काय करतं? नुसतं बसतं. तांब्यातून लाईट गेली की लोखंडाचं लोहचुंबक व्हतं, मग मोटर फिरती. दोघांपैकी एक काढा, धरणाचं पाणी धरणात."

"नांगराचा फाळ का करत नाय मग तांब्याचा?" शेजाऱ्याने विचारलं.

"करा की. पहिल्या दगडाला वाकल, दुसऱ्याला तुमाला नमस्कार करल."

"आन् हंडा लोखंडाचा?"

"पाणी लाल व्हईल. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की ते गंजत जातं, पापुद्रे सुटत राहतात, खालचं नवं गंजतं. तांबं हिरवं पडतं, पण ते हिरवं वरच्यावर बसतं, आतलं झाकतं. एवढंच. बाकी दोघं चांगले आहेत."

मी हे लिहून घेत होतो. सवयच ती. वहीत एका बाजूला 'लोखंड', दुसऱ्या बाजूला 'तांबं' असे दोन रकाने झाले. कठीण, मऊ. गंजतं, हिरवं पडतं. चुंबकाला चिकटतं, नाही. पात्यासाठी, तारेसाठी. रकाने भरत गेले आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहिला.

मॅडमने ठरवलं. चुंबक द्यायचं, कारण त्याने नुकसान काही नाही. सुईही दिली. तार मागे सरकावी म्हणून गायीचे पुढचे पाय उंचावर ठेवायचे. परवा सकाळी ती पुन्हा येणार. तोवर गाय खायला लागली नाही तर पोट उघडायचं.

चुंबक नळीने घशात सोडलं. उंचवट्यासाठी दादाने मोटरशेडचं दार बिजागरीतून काढलं आणि विटांवर तिरपं ठेवलं. गाय त्यावर पुढचे पाय ठेवून उभी राहिली. मान उंच, समोर पंधरावीस माणसं. तोवर तेवढी जमली होती. भाषणाला उभी राहिल्यासारखी ती दिसत होती, आणि खालचे लोकही तसेच बसले होते.

जाताना मॅडम मला म्हणाली, "चुंबक बरोबर जागी बसलं का ते होकायंत्राने कळतं. फोनमध्ये असेल ना? कोपरामागे धरा. काटा तिच्याकडे वळला की समजायचं."

हे तिने सांगायला नको होतं. मी फोन धरला. उत्तर दिशा आमच्याकडे धरणाच्या भिंतीच्या अंगाला आहे. गायीजवळ नेल्यावर काटा थरथरला आणि गायीकडे वळला. शेजाऱ्याने स्वतःचा फोन काढला, त्याचाही वळला. दिवे लागायच्या आत आळीतले सगळे फोन गायीभोवती फिरून गेले होते. गाडी चालवणाऱ्या एकाने नकाशाचं अॅप उघडलं आणि त्यातला बाण गोल गोल फिरू लागला. तो गंभीरपणे म्हणाला, "हिला टपावर बांधली तर मी कधीच पुण्याला पोचणार नाय." हौदावर कपडे धुणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, आता उत्तरेकडे डोकं करून झोपू नये म्हणतात ते कसं मोजायचं, गायीकडून का धरणाकडून. यावर वाद झाला.

वहिनी यात नव्हती. ती गव्हाणीशी बसून होती. मूठभर वाढं गायीच्या तोंडासमोर धरायची, गाय तोंड फिरवायची, वहिनी मूठ खाली घ्यायची.

माणसं पांगल्यावर दादा तिच्याजवळ जाऊन बसला. "एक सांगू? बेल्ह्याच्या बाजारात नेऊ का? अजून उभी हाय तवर. घेणारा घेईल."

"टेम्पोत घालून?"

"मग काय चालवत?"

"टेम्पोत पहिल्या खड्ड्याला तार कुठं जाईल ते मॅडमनी सांगितलंय. आन् घेणाऱ्याला काय सांगाल? गाय चांगली हाय, फकस्त उत्तर दिशा चुकती?"

दादा हसला. ती हसली नाही. "इथंच राहील ती," वहिनी म्हणाली. "मरायची तर माझ्यासमोर मरंल."

दुसऱ्या दिवशी गाय पाणी प्यायली, पण तिने काही खाल्लं नाही. त्या दिवशी पुरावा गोळा करण्याचं काम सुरू झालं. बातमीला दोन सूत्रं लागतात. आमच्याकडे एकही नव्हतं. दादाची आठवण दर तासाला बदलत होती. सकाळी तो म्हणाला, बहुतेक लोखंडच. नऊला म्हणाला, नाही, मऊ लागली होती हाताला. दहाला म्हणाला, कधी मऊ लागली कधी कडक. हे तिसरं विधान बहुधा खरं होतं.

मग वहिनीलाच सुचलं. "कडबाकुट्टीची पाती बघा की. ती खोटं कशाला सांगतील?"

दादाने बटण बंद केलं, वायर काढली आणि दोन्ही पाती खोलून उन्हात ठेवली. धारेवर चार ठिकाणी खाचा पडलेल्या होत्या, बारीक पण नख अडकेल अशा. पातं पोलादाचं, त्याला खाच पाडायला तेवढंच कठीण काहीतरी हवं. तांबं पात्याला खाच पाडू शकत नाही, स्वतःच कापलं जातं. दादाने मांडीवर थाप मारली. "लोखंड. सुटलो."

वहिनीने पातं हातात घेऊन तिरपं केलं. धारेच्या वर, पोलादाच्या करड्या पृष्ठभागावर, लालसर दोन पुसट रेघा होत्या. खडूने ओढाव्यात तशा. नखाने घासल्या तर जात नव्हत्या. पातं तारेतून गेलं तेव्हा मऊ धातू त्याला फासला गेला होता.

"हे बी हाय," ती म्हणाली.

म्हणजे दोन्ही. आरोपी दोन आणि दोघांच्याही खुणा जागेवर. दादा खाली बसला. कुंपणावरचा शेजारी म्हणाला, "भाऊ, तू एकबी धातू सोडला न्हाईस. चांदी राहिली का?"

मी पात्यांचे फोटो काढून मॅडमला पाठवले. तिचा लगेच फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"दोन्ही गेलं असेल तर ऐका," ती म्हणाली. "टोचणारं कोण, हा प्रश्न आहे. तांबं मऊ असतं. पोट आवळलं की ते वाकतं, गुंडाळतं, कधी कधी शेणातून बाहेरही पडतं. लोखंडाचं टोक सरळ राहतं. दुखतंय ते बहुतेक लोखंडामुळे. आणि लोखंडासाठी चुंबक आत आहे."

"बहुतेक म्हंजी किती?" वहिनीने विचारलं.

"बहुतेक म्हणजे बहुतेक, वहिनी. खात्री नाही. तुम्ही म्हणत असाल तर मी आजच येते, पोट उघडते."

सगळे वहिनीकडे पाहत होते. तिने हातातलं पातं खाली ठेवलं. मग म्हणाली, "नको. उद्या सकाळपर्यंत थांबू. वाकणाऱ्याला वाकू द्या, धरणाऱ्याला धरू द्या."

शेणातून बाहेर पडतं, हे वाक्य दादाने तेवढं पक्कं धरलं. स्लॅबच्या वेळची वाळू चाळायची चाळण त्याने धुऊन आणली आणि पाइपाच्या पाण्याखाली गायीचं शेण चाळायला बसला. जे काही पडेल ते ताबडतोब चाळणीत. गाय फार टाकत नव्हती, त्यामुळे मधला वेळ तो चाळण घेऊन तिच्या मागे नुसता उभा असायचा. चाचा जुन्नरहून पुन्हा आले, नमाज झाल्यावर, जेवणाचा डबा घेऊन. त्यांचं म्हणणं, तार त्यांनी परत केली होती तेव्हा निम्मी जबाबदारी त्यांची.

"सोनं निघालं का, भाऊ?" रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारत होता.

"निघालं की पयलं तुला देतो," दादा म्हणायचा. "आसंच, न धुता."

ऊन उतरता उतरता चाळणीत एक काळा आकडा राहिला. बोटाच्या पेरापेक्षा लहान, माशाच्या गळासारखा वळलेला. दादाने तो तळहातावर घेतला. वहिनी धावत आली. चाचांनी चष्मा लावला, तुकडा पाण्यात धुतला आणि नखाने खरवडला. लाल रेघ निघाली.

"तांबं," चाचा म्हणाले. "बघा कसं वाकलंय. पोटानं वाकवलंय ते, माणसानं नाय."

दादाने तो आकडा आळीतल्या सगळ्यांना दाखवला. चाळणीखाली आंघोळ झाल्यासारखा दादा भिजला होता आणि वास येत होता, तरी लोक जवळ येऊन बघत होते. मी मॅडमला फोटो पाठवला. तिने लिहिलं: 'छान. पण एक तांब्याचा तुकडा बाहेर आला म्हणजे आत फक्त लोखंड उरलं असं सिद्ध होत नाही.' डेस्कवर अशी वाक्यं मी स्वतः लोकांना ऐकवत आलो आहे. मी ते वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय, भाऊजी. आजच्यापुरतं तरी बरं वाटू द्या."

संध्याकाळी गायीने काही खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पूर्ण तयारीने आली. बरोबर एक मदतनीस, स्टीलच्या डब्यात उकळून आणलेली हत्यारं आणि हिरव्या कापडाच्या चार स्वच्छ घड्या. वहिनीने पाणी तापवून ठेवलं होतं. अंगणात खाट टाकली, तिच्यावर मदतनीसाने एक हिरवं कापड पसरलं, एक खाटेच्या पायाकडच्या दांडीवर टाकलं. मॅडम हात धुवायला लागली. दादाने त्या दिवशी कमरेला सुतळी बांधली होती.

गाय तिरप्या दारावर पुढचे पाय ठेवून उभी होती. दावं सोडलेलं होतं, कारण आता तिला खाली आणून आडवं करायचं होतं. वहिनी तिच्या मानेशी उभी होती, हात मानेवर. कोणी ओढायच्या आधी गायीने एक पाय दारावरून खाली ठेवला. मग दुसरा. मग ती उतारावरून हौदाकडे चालू लागली. मध्ये थांबली नाही आणि कण्हलीही नाही.

"थांबा," मॅडम म्हणाली. हात ओलेच ठेवून ती तिच्या मागे गेली. हौदाशी तिने पाठ दोन्ही हातांनी चिमटून दाबली. गायीने पाठ खाली वाकवली. मॅडमने पुन्हा दाबली. गाय पुन्हा वाकली आणि शेपटीने मॅडमला एक फटका दिला. मॅडमने कानाला नळी लावून डाव्या कुशीवर बराच वेळ ऐकलं.

"पोट फिरतंय," मॅडम म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हणजे चालू झालंय. भूक लागेल तिला. मूठभर ओलं वाढं आणा, तारेने न बांधलेलं."

वहिनी वाढं आणायला वळली. दादाही वळला, मदतनीसही. तिघांच्या पाठी झाल्या तेवढ्यात गाय खाटेपाशी पोचली होती. तिने दांडीवरचं हिरवं कापड हुंगलं, जिभेने ओढलं आणि गिळायला सुरुवात केली.

मॅडमने एक टोक पकडलं. चाचा मोटरसायकलवरून उतरतच होते, त्यांनी दुसरं पकडलं. वहिनी हातातलं वाढं टाकून धावली आणि सरळ गायीच्या तोंडात हात घालून कापड बाहेर ओढू लागली. गाय सोडेना. तीन दिवस उपाशी होती ती. वहिनी ओढत होती, रडत होती आणि हसत होती, आणि मध्येच तिला म्हणत होती, "सोड गं, बाई, सोड. ते तुलाच फाडायला आणलं व्हतं."

कापड सुटलं. एक फाटका कोपरा मात्र पोटात गेला तो गेलाच. मॅडमने उरलेलं कापड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "सुती आहे. पचेल." मग ती खाटेवर बसली आणि पहिल्यांदाच चहा मागितला.

गाय समोरचं वाढं खायला लागली. वहिनीने तिच्यासाठी भारा आणला. तो बांधलेला कशाने आहे हे तिने तीनदा पाहिलं.